लष्करी दवाखाना: पलटणीच्या एम.आय. रूमपासून कमांड हॉस्पिटलपर्यंत

पोरगा फौजेत लागला की गावात म्हणतात, 'चला, दवाखान्याचा खर्च मिटला.' खर्च मिटतो हे खरं. पण त्यासाठी कुठल्या दारात कुठला कागद घेऊन उभं राहायचं, हे कुणी धड सांगत नाही. जवान अरुणाचलात, बायको आणि आई-वडील कोरेगावात नाहीतर कागलला, आणि दुखणं उपटतं नेमकं रात्री. नवीन लग्न होऊन फौजी घरात आलेल्या मुली, जवानांचे आई-वडील आणि नुकतीच पेन्शन सुरू झालेले माजी सैनिक यांच्यासाठी हा लेख आहे.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. ही सगळी व्यवस्था उतरंडीची आहे. खालचा डॉक्टर वरच्याकडे पाठवतो आणि पेशंटबरोबर कागद जातो. कागद नसेल तर वरच्या पायरीवर तुम्हाला परत खाली धाडतात, आणि त्यात दिवस जातो. अपवाद एकच: जिवावर बेतलं असेल तर पायरी बघत बसायचं नाही.

ही व्यवस्था चालवतं कोण

स्वातंत्र्यानंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवा एका छत्राखाली आल्या. सगळ्यात वर संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत सशस्त्र दल वैद्यकीय सेवांचे महासंचालक. त्यांच्या खाली भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे आपापले वैद्यकीय महासंचालक. १ ऑक्टोबर २०२४ ला सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन यांच्या रूपाने या सर्वोच्च पदावर पहिल्यांदा महिला अधिकारी आल्या.

घरच्यांना या रचनेचा उपयोग असा, की छत्र एक असल्यामुळे दवाखानेही सामाईक आहेत. मुलगा नौदलात असला तरी पुण्यात राहणाऱ्या आई-वडिलांना भूदलाच्या रुग्णालयात दाखवता येतं, आणि मराठा पलटणीतल्या जवानाचं कुटुंब मुंबईत असेल तर त्याला कुलाब्याचं नौदलाचं 'अश्विनी' चालतं. 'आपला तो दवाखाना नव्हे' म्हणून अनेक कुटुंबं उगाच लांबच्या गावी हेलपाटे घालतात.

आत गेल्यावर कोण कोण भेटतं, तेही माहीत असावं. डॉक्टर बहुतेक आर्मी मेडिकल कोअरचे, दाताचे डॉक्टर वेगळ्या डेंटल कोअरचे. नर्सिंग असिस्टंट हा जवान असतो, पण वॉर्डातल्या सिस्टर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी असतात. खांद्यावर लेफ्टनंटचे, कॅप्टनचे स्टार दिसतील. वॉर्डात शब्द त्यांचा चालतो.

पहिली पायरी: नाव कागदावर आणा

लग्न झालं, मूल झालं की जवानाच्या युनिटमधून त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे या बदलाची अधिकृत नोंद, निघावा लागतो. तो रेकॉर्ड ऑफिसला नोंदला गेला की त्या माणसाचं नाव फौजेच्या लेखी 'आहे'. तोवर तुम्ही कितीही फोटो दाखवा, खिडकीवरच्या बाबूच्या लेखी तुम्ही नाहीच. लग्नानंतर पहिल्या सुट्टीतून परत जाताना जवानाच्या पिशवीत लाडवांच्या डब्याआधी विवाह नोंदणीचा दाखला गेला पाहिजे. बाळ झाल्यावर जन्मदाखला तसाच. नोंद झाली की अवलंबितांचं ओळखपत्र काढून घ्या.

आई-वडिलांसाठी ते मुलावर अवलंबून आहेत हे दाखवावं लागतं आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. वडिलांना स्वतःची चांगली पेन्शन असेल तर नाव लागणार नाही.

आपल्याकडची खरी अडचण नावांची. भरतीच्या वेळी पोराने फॉर्मवर आईचं नाव लिहिलं 'सखुबाई', आधारवर आहे 'सखू', रेशन कार्डावर 'सखुबाई पांडुरंग', आणि जन्मतारीख तिन्हीकडे वेगळी, त्यातही एकीकडे नुसतंच '१ जून'. खिडकीवर म्हातारी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून दाखवते, आणि समोरचा क्लार्क, तोही कुणाचा तरी मुलगाच, मान हलवून म्हणतो, 'आजी, नाव जुळत नाही.' त्याचं चुकत नसतं. म्हणून दुखणं यायच्या आधी, धडधाकट असताना, सगळी नावं एकसारखी करून घ्या. आधार फौजेच्या नोंदीशी जुळवायचं की नोंद आधारशी, हे युनिटच्या क्लार्कला विचारून ठरवा. काही वेळा गॅझेट आणि प्रतिज्ञापत्रही लागतं.

दुसरी पायरी: एम.आय. रूम

जवानासाठी पहिलं दार म्हणजे पलटणीतला दवाखाना, त्यालाच एम.आय. (मेडिकल इन्स्पेक्शन) रूम म्हणतात. तिथे बसतो रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणजे आर.एम.ओ. सकाळी ज्याला बरं नसेल तो 'सिक रिपोर्ट'ला जातो. डॉक्टर बघून औषध देतो, किंवा हलकी ड्युटी लिहितो, किंवा खोलीवर विश्रांती, किंवा पुढे हॉस्पिटलला धाडतो. हाच माणूस लढाईच्या वेळी पलटणीबरोबर पुढे असतो. त्याच्या त्या ठाण्याला रेजिमेंटल एड पोस्ट म्हणतात. गोळी लागलेल्या जवानाला पहिला हात मात्र लावतो त्याच्या शेजारचा जवान, कारण काही लढाऊ जवानांना रक्त थांबवणं, श्वास मोकळा करणं, हाड बांधणं शिकवलेलं असतं. तिथून मागे ड्रेसिंग स्टेशन, त्यामागे पुढच्या फळीचं शस्त्रक्रिया केंद्र, आणि मग हेलिकॉप्टरने मोठं रुग्णालय. शांततेतली उतरंड तुम्हाला किचकट वाटते ना, तिचं मूळ या रणांगणावरच्या साखळीत आहे. जखमी माणूस जिथे स्थिर करता येईल तिथे करायचा आणि मगच पुढे न्यायचा.

याच साखळीचं एक युनिट म्हणजे ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स. १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ते कोरियाच्या युद्धात गेलं. २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हाही इस्केंदेरूनला याच युनिटने ३० खाटांचं रुग्णालय उभारलं.

कुटुंबासाठी पहिलं दार म्हणजे लष्करी स्टेशनमधली, म्हणजे छावणीतली एम.आय. रूम किंवा लष्करी रुग्णालयाची फॅमिली ओ.पी.डी. साधा ताप, खोकला, बी.पी.ची गोळी इथेच. घरबसल्या डॉक्टरशी बोलायचं असेल तर मे २०२१ मध्ये सुरू झालेली 'सेहत ओ.पी.डी.' आहे. मोबाइलवर व्हिडिओने लष्करी डॉक्टर भेटतो आणि चिठ्ठी लिहून देतो. जवानाची बदली फील्डला आणि कुटुंब गावात अशा घरांनी ही सोय वापरायला हवी तेवढी वापरलेली दिसत नाही.

तिसरी पायरी: रेफरल आणि वरची रुग्णालयं

एम.आय. रूमच्या वर मिलिटरी हॉस्पिटल, सगळे म्हणतात एम.एच. आकाराने लहानमोठी असतात. आपल्या बाजूला खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर ही ओळखीची नावं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे तिथलं एम.एच. आपल्या बहुतेक रंगरुटांनी पाहिलेलं असतं. गोव्यात वास्कोला नौदलाचं 'जीवंती', लोणावळ्याला 'कस्तुरी'. त्यांच्या वर कमांड हॉस्पिटल. दक्षिण कमांडचं पुण्यात आहे. बाकीची लखनौ, कोलकाता, चंडीमंदिर, उधमपूर, आणि हवाई दलाचं बेंगळुरूला. सगळ्यांच्या वर दिल्ली छावणीतलं आर्मी हॉस्पिटल, ज्याला फौजी 'आर अँड आर' म्हणतात.

पुणेकरांचं नशीब जरा चांगलं. कमांड हॉस्पिटलच्या जोडीला हृदय आणि छातीसाठी वेगळी संस्था आहे, जुने लोक अजून तिला 'सी.टी.सी.'च म्हणतात. १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला मणक्याच्या दुखापतींमुळे खुर्चीला खिळलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, आणि १ मे १९४८ ला सुरू झालेलं ए.एफ.एम.सी., म्हणजे सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय, जिथे यातले कित्येक डॉक्टर घडतात.

आता काम कसं होतं ते बघा. एम.एच.मधल्या डॉक्टरला वाटलं की हृदयाचा तज्ज्ञ हवा, तर तो रेफरल लिहितो. त्या कागदावर आजाराचं नाव, आतापर्यंतचे उपचार आणि कुठे पाठवतोय हे असतं. तो कागद, जुने रिपोर्ट, ओळखपत्र आणि जवानाचा नंबर, रँक, नाव, युनिट एवढं सोबत असलं की वरच्या रुग्णालयात अडत नाही. शेवटच्या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हव्यात. सुनेला विचारलं 'यांचा नंबर काय?' आणि ती मोबाइल नंबर सांगू लागली, असं खिडकीवर रोज घडतं.

मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञांची ओ.पी.डी. ठरावीक वारी असते. पुण्याला जाण्याआधी फोन करून वार विचारा. सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने निघून अकराला पोचायचं आणि कळायचं की ती ओ.पी.डी. बुधवारी, हे टाळता येतं.

एक घोळ नेहमी होतो. छावणीत दिसणारं प्रत्येक रुग्णालय लष्करी नसतं. पुणे कॅम्पातलं सरदार वल्लभभाई पटेल रुग्णालय कॅन्टोन्मेंट बोर्डाचं आहे, म्हणजे छावणी हद्दीतल्या नागरिकांसाठीचं. तिथे फौजी ओळखपत्र दाखवून उपयोग नाही.

आणि गावात असताना अचानक काही झालं तर? जवळ लष्करी रुग्णालय नसेल आणि वेळ नसेल तर सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. त्याच दिवशी जवानाच्या युनिटला फोन करून कळवा, केव्हा आणि कुणाला कळवलं ते लिहून ठेवा, आणि बिलं, डिस्चार्ज कार्ड, आणीबाणीचा उल्लेख असलेलं डॉक्टरचं पत्र मूळ स्वरूपात सांभाळा. खर्चाचा दावा याच कागदांवर उभा राहतो.

जवान स्वतः रुग्णालयात दाखल असेल आणि युनिटमधून फोन आला की 'एस.आय.एल.वर आहे' किंवा 'डी.आय.एल.वर आहे', तर अर्थ समजून घ्या. या रुग्णालयाच्या दोन याद्या आहेत. पहिल्यात प्रकृती गंभीर, दुसऱ्यात जिवाला धोका. यादीत नाव चढलं की घरी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. लगेच निघा, आणि निघताना फोन करणाऱ्याचं नाव आणि वॉर्ड विचारून घ्या.

'शेप' म्हणजे काय, आणि त्याची एवढी भीती का

फौजीच्या तब्येतीची दरवर्षी तपासणी होते आणि पाच अक्षरांवर गुण मिळतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता, डोळे. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मिळून 'शेप'. सगळं ठीक असेल तर 'शेप वन'. एखादं अक्षर घसरलं की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो, आणि बढती, कोर्स, पोस्टिंग या सगळ्यांवर परिणाम होतो.

म्हणून जवान दुखणं लपवतात. गुडघा सुजलाय, साखर वाढलीय, झोप लागत नाही, आणि सांगायचं नाही. मला वाटतं या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोठी भेग आहे, आणि ती घरच्यांनाच थोडीफार बुजवता येते. कॅटेगरी म्हणजे नोकरी गेली असं नाही. ती आधी तात्पुरती असते, ठरावीक मुदतीने पुन्हा तपासतात, आणि बरं वाटलं तर परत वरही जाते. दुसरं असं, की निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड बसतं आणि अपंगत्व नोकरीमुळे आलं का किंवा नोकरीने वाढलं का, ते ठरवतं. ज्याने वीस वर्षं दुखणं लपवलं, त्याच्याकडे तेव्हा दाखवायला एकही नोंद नसते.

जे दिसत नाही ते काम

आतापर्यंत आजारी माणसाचं झालं. लष्करी वैद्यकीय सेवेचा जुना आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा अर्धा भाग म्हणजे माणूस आजारीच पडू नये याची तजवीज. इतिहासात फौजा शत्रूपेक्षा पटकी, हगवण आणि मलेरियानेच जास्त गारद झाल्या. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकड्यांचं प्रचंड काम केलं होतं. डासाच्या पोटात मलेरियाचं बिऱ्हाड सापडलं तेही एका लष्करी डॉक्टरला: इंडियन मेडिकल सर्व्हिसचे रोनाल्ड रॉस, सिकंदराबाद, २० ऑगस्ट १८९७. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घराघरांत सोजिरांच्या तुकड्या घुसवल्या. सार्वजनिक आरोग्याचं काम बंदुकीच्या धाकाने केलं की काय होतं, ते पुण्याइतकं कुणाला सांगायला नको.

आज प्रत्येक मोठ्या छावणीत स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन असते. तिचा प्रमुख शक्यतो रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्र शिकलेला डॉक्टर. पाणी, सांडपाणी, डास, कचरा, खानावळी, लसीकरण, साथीची नोंद, हे त्याचं राज्य. क्वार्टरमध्ये राहायला गेलात तर कूलरमधलं पाणी आठवड्याला बदललं का ते बघायला माणूस येईल. चिडू नका.

काम किती बारकाईने चालतं याचा एक नमुना. नवीन जागी तळ पडला, विहिरीचं पाणी आहे, ब्लिचिंग पावडर किती टाकायची? यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. त्यात एक काळा कप, सहा पांढरे कप आणि बरोबर दोन ग्रॅम मावेल असा चमचा. काळ्या कपात पावडरचं द्रावण करायचं. सहा पांढऱ्या कपांत तेच विहिरीचं पाणी भरून पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत टाकत जायचं. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग उमटेल त्याचा क्रमांक मोजायचा. तिसरा कप निळा झाला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर, ४५५ लिटर पाण्याला. ना वीज लागते, ना प्रयोगशाळा. गावच्या पाणीपुरवठा समितीवर निवृत्त नर्सिंग असिस्टंट असेल तर त्याला विचारा, हात अजून चालतील.

लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, स्वयंपाक्यांची नियमित तपासणी होते: नखं, त्वचा, शौचाचा नमुना. हगवण झालेल्या स्वयंपाक्याला बरा होईपर्यंत परातीला हात लावू देत नाहीत. मलेरियाच्या भागात संध्याकाळ झाली की बाह्या खाली, अंगाला डास पळवणारं औषध, मच्छरदाणी, आणि न पाळणाऱ्याला शिक्षा. आजारी पडणं हा तिथे काही वेळा शिस्तीचा प्रश्न होतो. ऐकायला विचित्र, पण मच्छरदाण्या त्यामुळेच लागतात.

उंचीवर जाणाऱ्यांचं वेगळं. लेहला विमानाने उतरलेला जवान लगेच पुढे जात नाही. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १५ हजारांपर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार, असे चौदा दिवस शरीराला सवय लावतात. पहिले दोन दिवस जवळपास विश्रांतीच. हे टाळलं तर फुप्फुसात पाणी भरून धडधाकट तरुण काही तासांत जाऊ शकतो. तेव्हा 'लेहला पोचला पण फोनवर नुसता झोपून आहे म्हणतो' असं झालं तर काळजी करू नका, त्याला तसा हुकूमच असतो. आणि उन्हाळ्यात लडाखला फिरायला जाणाऱ्या आपल्या टुरिस्ट मंडळींनी एवढं तरी फौजेकडून घ्यावं: उतरल्याच्या दिवशीच 'खार्दुंग ला' ही उंच खिंड गाठू नये.

निवृत्तीनंतर: ई.सी.एच.एस.

पेन्शन लागली की दार बदलतं. १ एप्रिल २००३ ला माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ई.सी.एच.एस., सुरू झाली. तेव्हापासून पेन्शनवर निवृत्त होणाऱ्याला ती सक्तीची आहे. निवृत्तीच्या वेळी हुद्द्यानुसार एकदाच रक्कम कापली जाते, पुन्हा हप्ता नाही. वयाची अट नाही, जुना आजार चालतो, खर्चाला वरची मर्यादा नाही. बाजारातल्या कुठल्याही आरोग्य विम्याशी ताडून बघा म्हणजे किंमत कळेल. मात्र सदस्य झाल्यावर पेन्शनमधला दरमहा वैद्यकीय भत्ता बंद होतो. 'भत्ता का थांबला?' म्हणून बँकेत भांडायला जाऊ नका.

इथलं पहिलं दार म्हणजे पॉलिक्लिनिक, या योजनेचा स्वतःचा बाह्यरुग्ण दवाखाना. सातारा, कोल्हापूर अशा माजी सैनिकांच्या जिल्ह्यांत ती आहेत. कामकाज स्थानिक स्टेशन मुख्यालयाच्या देखरेखीखाली, डॉक्टर आणि कर्मचारी बहुतेक कंत्राटी. त्यामुळे डॉक्टर बदलत राहतात, काही औषधं संपलेली असतात, सकाळी रांग असते. तक्रार करा, पण लेखी करा आणि प्रभारी अधिकाऱ्याकडे करा.

क्रम पुन्हा तोच: पॉलिक्लिनिकमध्ये दाखवा, गरज असेल तर रेफरल घ्या, मग पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, रुग्णालयात कार्ड दाखवून विनापैसा उपचार. रुग्णालय निवडण्याआधी ते नेमक्या त्या उपचारासाठी पॅनेलवर आहे का ते विचारा. डोळ्यांसाठी असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. कार्ड प्रत्येक सदस्याचं वेगळं असतं. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावता झाला किंवा त्याचं लग्न झालं की तो बाहेर. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत राहते.

हृदयविकाराचा झटका, अपघात अशा वेळी रेफरल लागत नाही. पॅनेलवरच्या रुग्णालयात कार्ड घेऊन थेट जा. पॅनेलबाहेरचं रुग्णालयच जवळ असेल तर तिथेही न्या, पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. तिथे पैसे स्वतः भरावे लागतात आणि परतावा केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दराने मिळतो. कॉर्पोरेट रुग्णालयाचं बिल आणि हा दर यांत मोठी तफावत असू शकते, म्हणून पेशंट स्थिर झाला की पॅनेलवरच्या ठिकाणी हलवता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

अग्निवीरांच्या घरून एक प्रश्न हल्ली सारखा येतो. चार वर्षं सेवेत असताना मुलाला लष्करी रुग्णालय आहे. चार वर्षांनी बाहेर पडलेल्याला मात्र पेन्शन नाही आणि ई.सी.एच.एस.ही नाही. जे पुढे कायम होतील त्यांचं वेगळं. तेव्हा बाहेर पडताना मिळणारी सेवानिधीची एकरकमी रक्कम हातात आली की तिच्यातून घरासाठी आरोग्य विमा आधी काढा, गाडीचं नंतर बघा. आणि सेवेत काही दुखापत झाली असेल तर बाहेर पडण्याआधी तिची नोंद आणि मेडिकल बोर्डाची प्रत मागून घ्या. पुढे अर्ज कुठे करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं, पण प्रत तुमच्याजवळ हवी.